नोंद क्रमांक १८७

नाव कापार तुर्दुमातोव, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी (मुख्य लिपिक, मंत्री कार्यालय), शिक्षण आठवी, पुढचे स्वतः वाचून, रा. बिश्केक.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मंत्र्यांच्या सल्लागारांनी कर्मचाऱ्यांना तोंडी हुकूम देण्याची पद्धत यंदा जानेवारीपासून बंद झाली. हुकूम वहीत नोंदवायचा, वेळ घालायची, सल्लागाराने सही करायची. वहीचे रकाने मी आखले आहेत.

दि. ४ मार्च रोजी सकाळी ११.२० वाजता सल्लागार सादिक झानालीयेव, वय ६६, आमच्या खोलीत आले. ते मंत्र्यांचे मामा. म्हणाले, "त्या बंद खाणीचा परवाना आजच सोडा. साहेबांना मी सांगतो." माझा सहकारी मेलिस, वय ३४, याने हुकूम लिहून वही सहीसाठी पुढे केली. मी ती मिटली. वडीलधाऱ्याच्या शब्दावर सही मागणे आमच्यात तोंडावर थुंकण्यासारखे. "सादिकआके, चहा घ्या," असे मी थोरल्याला म्हणतात तसे आके लावून म्हणालो. परवाना सुटला.

दि. ७ रोजी खाण कोसळली. चार कामगार गेले.

दि. ११ रोजी दुपारी १२.०५ वाजता चौकशीचे पत्र आले. वहीत ज्याचे अक्षर, त्याने खुलासा द्यावा. अक्षर मेलिसचे. १२.१५ला सादिक आले. मेलिसने वही उघडून समोर ठेवली.

"आके, तुमचा हुकूम आहे. सही करा."

"कसला हुकूम? मी इथं चहाला येतो रे."

"मग चहा पिता पिता चार माणसं मारलीत."

"बापाच्या वयाच्या माणसाशी बोलतोयस."

"माझा बाप बोललेलं नाकारत नव्हता."

सादिक यांनी टेबलावरचे शिक्का उठवायचे लोखंडी यंत्र उचलून मेलिसच्या कानशिलावर मारले. यंत्राचे वजन साडेतीन किलो, मी तोलले आहे. तो पडल्यावर आणखी दोनदा मारले. दुसऱ्या घावाला जबडा मोडल्याचा आवाज आला. मी चार पावलांवर उभा होतो. मध्ये पडलो नाही. नंतर सादिक म्हणाले, "कापार, पाणी दे." मी दिले.

मेलिस दुपारी १.४० वाजता रुग्णालयात वारला.

वहीत यंदाच्या २१४ नोंदी आहेत. सही फक्त क्र. १८७ पुढे नाही. वही मेलिसने मिटली नव्हती, मी मिटली. परवान्याच्या खुलाशात त्याचे नाव घालू नये, माझे घालावे.

जबाब वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. मेलिसचे वय ३५ लिहिले होते, ते ३४ करून घेतले. खाली सही करत आहे.