वीस नखांची मांदेली

सन्माननीय अध्यक्ष सीतारामपंत, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या गुराढोरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर त्र्यंबक केळशीकर, वहिनीसाहेब, आणि टेंभी नाक्याच्या या सभागृहात पंखे बंद असूनही चिकाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी गोमाजी ठाणेकर, कोळीवाड्यातला, पेशाने शाळामास्तर. मला पाच मिनिटं दिली आहेत. मास्तराची पाच मिनिटं हजेरीतच जातात, पण बघू.

अध्यक्ष महाराज, मघाशी आपण म्हणालात की तीस वर्षांत डॉक्टरांचा हात कधी चुकला नाही. टाळ्या झाल्या. त्याच वेळी तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी उठून चालू लागली, ते पाहिलंत का? ती माझी आई, आवडाबाई. मीच हाताला धरून तिला परत बसवलं. ती का उठली, ते सांगायला मी उभा आहे. डॉक्टर उद्या खोपटचा दवाखाना बंद करून कायमचे चिपळूणला चालले, तेव्हा सांगायला आजचाच दिवस उरलाय.

पंच्याऐंशी साली माझा धाकटा भाऊ दामाजी कुत्रीचं एक पिल्लू घेऊन आला. रंग मांदेली मासळीचा, अंगही जवळजवळ तेवढंच, म्हणून नाव मांदेली. एरवी कुत्र्याला अठरा नखं असतात. मागच्या पायांनाही अंगठ्याचं नख असलं की वीस होतात, आणि वीस नखांचं कुत्रं घर राखतं असं आमच्याकडे मानतात. चार पिल्लांची नखं मोजून दामाने हिला उचललं होतं. पुढच्याच वर्षी दामा काविळीने गेला. वीस नखं तेव्हा घरातच होती, पण हे आईला कोण सांगणार? ती रोज संध्याकाळी मांदेलीला मांडीवर घ्यायची आणि बोटांनी नखं मोजायची. मोतीबिंदूने तिला दिसत नव्हतं, पण वीस झाली की तिला बरं वाटायचं.

आता ती मागची नखं नुसती कातडीला लोंबणारी. आणि आमच्या अंगणात बारा महिने जाळी वाळत असतात. नख जाळ्यात अडकायचं, मांदेली हिसका द्यायची, रक्त यायचं. तिसऱ्यांदा पाय सुजला तेव्हा मी तिला खोपटला नेलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, दोन वाटा आहेत. नखं वेळच्या वेळी कापा आणि हिला जाळ्यापासून लांब ठेवा, नाहीतर दोन्ही काढून टाकू. कोळ्याच्या घरात कुत्री जाळ्यापासून लांब कशी राहील, ते तुम्हीच सांगा. पण आईंना विचारा हं. कुत्री त्यांची आहे."

मी विचारलं. आई म्हणाली, "दामानं मोजून आनलीय तिला. एक नख मी कुनाला काढू द्याची नाय." दोन महिने मी घोळ घातला. पाय पुन्हा सुजला तेव्हा मीच ठरवलं, आणि आईला खोटं सांगितलं की इंजेक्शनला नेतोय. काढून झाल्यावर समजावू म्हटलं. मोठा शहाणा मी.

डॉक्टरांनी बजावलं होतं, भूल द्यायची आहे, रात्रीपासून पोटात काही नको. सकाळी बघतो तर आई ओटीवर बसून मांदेलीला कालवणात भिजवलेली भाकर भरवतेय. थांबवायचं तर कारण सांगावं लागणार. मी गप्प बसलो. दोन घासांनी काय होतंय? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?" मी म्हणालो, "हो."

एक नख काढून झालं आणि गुंगीतच तिला उलटी झाली. उलटीतला घास श्वासनळीत गेला. डॉक्टरांनी तिला उलटं धरलं, छाती चोळली, स्वतःच्या तोंडाने तिच्या नाकात फुंकर घातली. अर्धा तास. मग त्यांनी टेबलावर सांडलेली भाकर पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

तिला टॉवेलात गुंडाळून ते माझ्याबरोबर घरी आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आई, माझा हात चुकला." आईने टॉवेलातच नखं मोजली. एकोणीस भरली. "माजं एक नख कुठं हाय?" एवढंच तिने विचारलं. डॉक्टर तसेच खोपटला परत गेले आणि ते नख काडेपेटीत घालून घेऊन आले. ती काडेपेटी आजही तिच्या कनवटीला आहे.

त्या दिवसापासून कोळीवाड्यातली एकही शेळी, एकही कोंबडी डॉक्टरांकडे गेली नाही. विसनखी मारणारा डॉक्टर, असं नाव पडलं. मी काय केलं? आठ वर्षं मुलांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला दिले. डॉक्टर रस्त्यात भेटले की विचारायचे, "आई कशा आहेत?" मी म्हणायचो, "बऱ्या आहेत." त्यांच्यापुढे मला माझीच लाज वाटायची, म्हणून मी पुढे रस्ताच बदलला.

आईला आज इथे मीच आणलं, आणि याही वेळी तिला काही न सांगता आणलं. खोड जात नाही.

आई, डॉक्टरांचा हात चुकला नव्हता. तू भाकर भरवलीस ती तुझी चूक नाही, तुला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

डॉक्टर, माझं पाप आठ वर्षं तुम्ही स्वतःच्या नावावर वागवलंत, त्याबद्दल आभार मानायला शब्द पुरत नाहीत. आयोजकांचेही आभार. समारंभाला न शोभणारं बोललो असेन, वेळही जास्त घेतला, त्याबद्दल सभेने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

आई, आता तुला उठून जायचं असेल तर जा. या वेळी मी हात धरणार नाही. फक्त डॉक्टरांवरचा राग इथे ठेवून जा. तो माझा आहे.