त्या बाया काय म्हणतायत?

साल कुठलं ते आता नक्की आठवत नाही, आणि सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा असेलच याचीही खात्री नाही. मुलुंडला आमच्या शेजारी सावंत राहायचा. त्याची बायको कुठेही गेली की आधी पोचल्याचा फोन करायची, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. ती वारली, त्यानंतर महिन्याभराने सावंत माझ्याकडे बसला होता. मी एक समूहगान लावलं. चाळीसेक परदेशी बायकांचे आवाज, खाली आफ्रिकी ढोल आणि मध्येच आपल्यासारखा आलाप.

"तू भाषाशास्त्राचा प्रोफेसर ना रे? सांग, काय म्हणतायत त्या?"

मला एक अक्षर कळत नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी बोलून गेलो, "म्हणतायत, पोचलो सुखरूप. काळजी करू नका."

सावंतने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "तेवढा एकच फोन राहिला होता बघ. परत लाव."

पुढे तो रोज ऐकायला यायचा, आणि ती भाषा येणारा कुणी त्याला भेटला तर काय, या धास्तीने मी रोज घाबरायचो.

सावंत जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा माझ्या नातीने त्या गाण्याबद्दल शोधून दाखवलं. ते शब्द जगातल्या कुठल्याच भाषेतले नाहीत. गळ्याला सोपे जावेत म्हणून संगीतकाराने नुसती अक्षरं जुळवली होती.