दुधाचे पैसे

— नको, हिला ते बाटलीतलं गोड दही देऊ नका. तुमचा हेतू चांगलाच असेल, पण हिला मी असलं काही देत नाही. पहिले चौदा महिने अंगावर पाजलंय साहेब, डब्यातल्या दुधाचा एक चमचा हिच्या पोटात गेलेला नाही. आमच्या इमारतीत कुणालाही विचारा — ‘सो-दामची आई’ म्हटलं की लोकांना पहिलं हेच आठवतं, आणि दुसरं आठवण्यासारखं माझ्यात काही नाही. बसते, बसते. कोट राहू दे अंगात, मला फार वेळ थांबायचं नाहीये. खिडकीवर हातभर अक्षरांत लिहिलंय तुम्ही, ‘थकलेला आयकर — मोकळेपणानं बोला’. खाली औषधाचं दुकान, समोर कर-कचेरी, मध्ये तुम्ही — जागा चांगली हेरलीत. तिकडून घाबरून बाहेर पडलेल्या माणसानं रस्ता ओलांडला की तुमच्याच जिन्यावर. सल्लागार म्हणे. सल्ला मला घरबसल्या सगळेच देतात, फक्त ते फी घेत नाहीत.

पुन्हा पहिल्यापासून? फोनवर सांगितलं की सगळं. बरं. ते वामचं दुकान माझं नाही. भाजलेली वाम मला आवडतही नाही, वासानं डोकं चढतं. दुकान मोठ्या भाऊजींचं — माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं. आधीचं दुकान बुडालं, तेव्हापासून बँक त्यांना दारात उभं करत नव्हती, स्वतःच्या नावावर मोबाईलसुद्धा मिळत नव्हता. मग दुसऱ्याच्या नावावर काढायचं. माझ्या नवऱ्याचं, दो-ग्यूनचं, नाव चालेना, त्याच्या कंपनीत जोडधंद्याला बंदी. राहिलं कोण? दोन वर्षांपूर्वीचं सोल्लाल. नव्या वर्षाचं पितरांचं ताट उचललं होतं, मी चार महिन्यांची पोटुशी, मोरीशी उभी राहून पितळेच्या वाट्या घासत होते, आणि सासूबाई नासपती सोलता सोलता म्हणाल्या, ‘सूनबाई, तुझा शिक्का कुठे असतो गं?’ मीठ कुठे असतं म्हणून विचारावं, तसं. सहीच्या जागी चालणारा माझा नोंदणीचा शिक्का साहेब, माझ्या आईनं विसाव्या वाढदिवसाला कोरून घेतलेला. सुट्टी संपल्यावर मी तो नेऊन दिला, वर वॉर्ड-कचेरीत रांग लावून त्याचा दाखलाही काढला. सासूबाई म्हणाल्या, ‘घरातल्या घरात कसली देवाणघेवाण.’

हसलात का? नाही, हसलात तुम्ही. एम.ए. झालेय मी. दोनशे पानांचा प्रबंध लिहिलाय, तळटिपांसकट. दुसऱ्यांच्या तळटिपा तपासणारी बाई मी, आणि स्वतःच्या नावाखाली काय लिहिलंय ते वाचलं नाही. पण तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला काय कळणार — लग्न झालं, मूल झालं की बाईला नावानं हाक मारतं कोण? सूनबाई, वहिनी, सो-दामची आई. अन हे-रिम हे नाव सणाच्या कपड्यांसारखं घडी घालून ठेवलेलं. मला वाटलं, पडूनच तर आहे, कुणाला उपयोग होत असेल तर होऊ दे. त्यानंतर मला पूर्ण नावानं बोलावलं ते थेट कर-कचेरीनं. लखोट्यावर छापलेलं, ‘सुश्री अन हे-रिम’. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

पत्रं? नाही, एकही आलं नाही. अर्जात तसंच लिहा, नोटीस मिळाली नाही. लखोटा? तो एक हो. पोस्टमननं सही घेतली, पण त्या दिवशी ही तापानं फणफणली होती. आणि दुसरा आला तेव्हा दात येत होते. डायपरच्या खोक्यामागे ठेवले. दोन-तीन असतील. चार. पण न उघडलेलं पत्र आणि न आलेलं पत्र यात फरक काय, सांगा बघू. तुमच्या कायद्यात असेल, माझ्या घरात नाही.

ते जाऊ दे. तारीख बघा तुम्ही. पाच मार्चला मला रुजू व्हायचंय, शाळेच्या ग्रंथालयात. अडीच वर्षांनी घराबाहेर पाऊल. खातं गोठवलंय, पगार आला की तिथल्या तिथे गेला, आणि पहिल्याच महिन्यात शाळेच्या हिशेबनिसाला कळणार की नव्या बाई कर बुडवून बसल्यात, तेही वाम विकून. भाऊजी? ते जेजू बेटावर, फोन उचलत नाहीत. सासूबाई यंदा सोल्लालला म्हणाल्या, ‘घरातली धुणी कचेरीच्या दोरीवर वाळत घालायची नसतात.’ आणि दो-ग्यून म्हणतो, ‘दादा आहे गं तो.’ मी म्हटलं, आणि मी कोण? तर सूप पीत बसला. म्हणून आले इथे. हौसेनं नाही आले.

तर लिहा. धंदा खरा कुणाचा ते लिहा, कर त्यांच्याकडे वळवा. आणि ते वाक्य — मघाशी तुम्हीच म्हणालात ना, अर्ज या एका वाक्यावर उभा आहे — ‘अर्जदाराला नाव दिल्याबद्दल कसलाही मोबदला मिळाला नाही.’ नाहीच मिळाला. त्यांच्याकडून परत आलेला शिक्का आणलाय मी, लगेच मारते.

काय दाखवताय? बँकेचा उतारा मीच दिलाय तुम्हाला, मला काय दाखवताय. हो, दर महिन्याच्या दहा तारखेला. तीन लाख वॉन. रकमेपुढे ‘दुधाचे पैसे’ हे पाठवणाऱ्यानं टाकलेलं असतं, मी नाही टाकलं. पुतणीचं कौतुक. जुलैत ही झाली, तेव्हापासून काका प्रेमानं पाठवायचे. कुणाच्या काकानं पाठवले नसतील, म्हणून काय ते पगार झाले? — हो, म्हणाले मी अंगावर पाजलं म्हणून. तुम्ही वकील आहात का? दुधाच्या पैशांचं दूधच आणायला पाहिजे असं कुठे लिहिलंय? बाबागाडी आणली. खाली तुमच्या जिन्याशी उभी आहे ती. हिचं हिवाळ्याचं जाकीट आणलं. आणि एकदा माझ्यासाठी बूट, एकदाच, ते मी दो-ग्यूनलाही सांगितलेलं नाही, ते लिहू नका. दर दहा तारखेला फोन वाजायचा आणि मला — मला वाटायचं, बरंय, माझं नाव काहीतरी कमावतंय. मी नाही कमावत, निदान नाव तरी. म्हणजे तसं नाही. मोबदला म्हणून नाही. वाटायचं आपलं उगीच.

पेन का खाली ठेवलंत?

तुमचं काम लिहायचं आहे, माझ्याकडे असं बघायचं नाही. समोर कचेरीतसुद्धा असंच बघत होते, तिथे निदान फुकट होतं. कुठे? वर? अजून वर — हो, ही पहिली नोंद. पहिल्यांदा आले ते. दहा मार्च. मग? सोल्लालनंतरचाच मार्च, शिक्का दिला त्याच्या पुढचा, तेव्हा मी —

ही जुलैतली.

आधी हिच्या हातातून तो शाईचा डबा घ्या. बोटं बघा, सगळी लाल. कागद द्या एखादा पुसायला. तो नको, तो अर्जाचा आहे. आणि शिक्का माझा इकडे द्या.

नाही. तुम्ही काही बोलू नका.