म्हातारीला काय केलंत?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासरे आणि जावई बसले होते. सासऱ्यांचा गाल सुजला होता, तरी तोंड थांबत नव्हतं.

"जावईबापू, माझ्या म्हातारीला काय केलंत?"

"कुठली म्हातारी, बाबा?"

"तुमच्या कंपनीने काढलेल्या मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळातली, म्हातारीचं चित्र असलेला तो पत्ता. कालपर्यंत ती तीन पत्ते उचलायची, आज एकच उचलते."

"ती फार जिंकायला लागली होती, म्हणून जरा कमजोर केली."

"ती नाही, मी जिंकत होतो. वर्षभर डोकं शिणवून तिच्याभोवती डाव बसवला होता."

"नवीन पत्ते आलेत ना. त्यांनी खेळा."

"दर महिन्याला नवीन पत्ते. मी खेळू कधी, शिकतच बसू? माझे सगळे मित्र वैतागून खेळ सोडून गेले."

"तीच तर आमची डोकेदुखी आहे. लोक का जातात, कळतच नाही."

"मग विचारा की त्यांना."

"विचारतो ना. पण एकजण उत्तर देईल तर शपथ."

"विचारता कुठे?"

"खेळातच. खेळ उघडला की पहिल्यांदा तेच येतं, 'तुम्ही हा खेळ का सोडलात?'"

सासऱ्यांनी सुजलेला गाल धरला. मग माझ्याकडे वळले.

"यांना आम्ही मुलगी दिली."