रावसाहेबांचा तटस्थ अहवाल

“झरा आटल्याचं सांगितल्याबिगर माघारी येऊ नको,” सासूने बजावलं होतं आणि हिरीने मान डोलावली होती. त्यांच्या गावाला, सूर्यमाळला, विहीर द्यायची की नाही, हे पुण्याहून आलेल्या रावसाहेबांच्या अहवालावर ठरणार होतं. म्हणून ती रिकामा हंडा घेऊन जव्हारच्या धर्मशाळेच्या ओसरीवर बसली होती. आत रावसाहेब लेखनिकाला मजकूर सांगत होते.

“लिहा, बायका दुपारपर्यंत भटकतात.”

“डोक्यावर हंडे असतात म्हणे, रावसाहेब.”

“‘म्हणे’ नको. अहवाल तटस्थ हवा. ‘भटकताना आढळतात’ असं लिहा.”

“कोणाला आढळतात?”

“ते लिहायचं नसतं. तेव्हाच ते विद्वत्तेचं वाटतं.”

“पण आपण सूर्यमाळला गेलोच नाही.”

“गेलो असतो तर त्यांनी भाकर वाढली असती. मिंधा झाल्यावर तटस्थपणा उरतो का?”

“बाहेर सूर्यमाळची एक बाई बसलीय. तिला विचारू?”

“छे! ती तिथलीच. एका बाजूचं बोलेल.”

“मग दुसरी बाजू कोणाची?”

“शाई वाळतेय. लिहा, पाण्याची टंचाई आढळली नाही.”

हिरीने हंडा उचलला, पदर सावरला आणि कुणी न बोलावताच उंबरा ओलांडला.