फरंगीसचं राहिलेलं एक चित्र

— नाही, त्या नळीत छत्री आहे हे मला नको सांगूस, पोरी. लाहिजानात जन्म गेला माझा, बारमाही पाऊस, छत्र्या काय कमी पाहिल्यात? छत्रीला झाकण नसतं. गुंडाळलेलं चित्र मात्र बरोब्बर मावतं त्यात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? बस. चहा घे. साखरेचा खडा दाताखाली धर आधी — तेहरानच्या लोकांना चहासुद्धा शिकवावा लागतो. फरंगीस झोपलीय. आणि जरा हळू बोल, हात थरथरतात तिचे, डोळे अधू झालेत, पण कान मांजराचे आहेत.

तिच्यावर पुस्तक लिहितेयस म्हणे. याआधीच्यानेही तेच सांगितलं होतं. तुला काय लिहायचंय? मीच सांगते — आम्ही भट्टीवाल्याच्या पोरी. बाबांची कुलूच्यांची, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड बिस्किटांची भट्टी, वर लाकडी ठशाने नक्षी उठवायची. ही फरंगीस ठसा बाजूला ठेवून काडीने बायकांची तोंडं काढायची. गिऱ्हाईकं मागायची, ती नाकवाली बाई द्या म्हणून. मी थोरली, मी भट्टीपाशी राहिले. ती शाळेत गेली, मग तेहरानला, मग थेट रोमला, आली ती केस कापूनच. पेपरात फोटो काय, प्रदर्शनं काय — मग क्रांती झाली. चित्रं लावायची ती दालनं बंद पडली, कॉलेजातली नोकरी गेली, आणि एक दिवस ही बाई बॅगेत कपड्यांऐवजी रंग भरून माझ्या दारात उभी. माझा नवरा तेव्हा नुकताच गेलेला. म्हटलं, ये बाई. त्या बाजूच्या खोलीत शाळेतल्या मुलींना चित्रकला शिकवायची आणि उरल्या वेळात भातलावणीच्या बायका काढायची, चहा खुडणाऱ्या काढायची, आमची मासेवाली तर किती वेळा काढली — भिंत दिसायची नाही खोलीत. आता भिंतच दिसते. का? सांगते.

तुमच्याकडे अजून रीत पाळतात की विसरले सगळे? कुणी आपल्या वस्तूची तारीफ केली की आपण म्हणायचं, तुमचीच आहे, घेऊन जा — आणि त्याने तीनदा नको म्हणायचं. वस्तू जागच्या जागी, मन दोघांचंही मोठं. शेंबड्या पोराला कळतं. हिला नाही कळत. ही खरंच देते, अशी एकेक करत सगळी देऊन टाकली. एक गृहस्थ आले, गोड बोलणारे, त्या चहा खुडणाऱ्या बायकांच्या चित्रासमोर उभे राहून डोळ्यांत पाणी आणलं. ही म्हणाली, तुमचंच आहे. तो एकदा नको म्हणाला, तेही टॅक्सीला हात करता करता. पुढे परदेशात लिलाव झाला त्याचा — शेजारच्या मास्तरीणबाईंनी पेपर वाचून दाखवला — तेवढ्या पैशात आमची आख्खी गल्ली विकत आली असती. हिला सांगितलं, तर मलाच म्हणते, आबजी, त्याला आवडलं होतं ना? झालं. आबजी म्हणवते, पण ताई म्हणून मी आता काय करणार? तेव्हापासून जो येईल त्याला मी सांगते, झोपलीय.

राहिलेलं? एकही नाही राहिलं. — तिकडे काय बघतेस? पडदा आहे तो. मागे भांडी आहेत. — अगं, उठू नकोस — सरकवलासच ना. बरं. बघ. हे एक आहे, पण हे तिचं म्हणजे काही तसं चित्र नव्हे, ही मी आहे. अंगणात भाजी निवडतेय, डोक्याला रुमाल नाही, समोरचा दात पडलेला — म्हणून पडदा. दुसरं काही नाही. मी रोज इथेच बसून चहा पिते ते शेगडीची ऊब लागते म्हणून.

कर आता तारीफ. त्यासाठीच तर आलीस. — काय? वाफेने रंग सुटतोय? कोपऱ्यात तेलाचा डाग आहे? एवढंच दिसलं तुला? नीट बघ. हा हात बघ माझा, ही मेथीची काडी बघ — ओली आहे की नाही? आहे. नवरा होता तोवर मी तोंड उघडून हसले नाही, पडक्या दाताची फट दिसते म्हणून तो चिडवायचा. त्या दिवशी ही काय बोलली कोण जाणे, मी अशी हसले, आणि हिने ते धरून ठेवलं. माझ्या आईनेसुद्धा मला असं कधी पाहिलं नव्हतं. मी अडाणी आहे, ठशापलीकडे मला काही कळत नाही, पण हे कळतं — फार सुंदर काढलंय तिने. फार म्हणजे फारच सुंदर. इतक्या वर्षांत तिला कधी बोलले नाही. बहिणीबहिणीत कशाला —

थांब.

ऐकलंस? जागी आहे ती. काय म्हणाली? — मला ऐकू आलं, तू कशाला सांगतेस. "तुझंच आहे, आबजी. घे."

माझ्या तोंडाकडे काय बघतेस? आता मी तीनदा नको म्हणायचं, माहीत आहे मला. नाही म्हणणार. एकदाही नाही. पडदा सोड. बूट दाराशी आहेत तुझे.