हाताच्या अंतरावर

— आणि चहा घेऊन आलीस तर काय कुणी खाणार आहे का तुला? जा की! कॉरिडॉरच्या टोकाला तर आहे मशीन. सकाळपासून त्या खुर्चीत अवघडून बसलीयस, पाठीचं लाकूड झालं असेल — मला काय ठाऊक नाही होय? अख्खी नोकरी गेली माझी असल्याच वॉर्डात. साधी नर्स नाही, वॉर्डची सिस्टर होते मी. मोठ्या सिस्टर म्हणायचे. माझ्या चपलांचा आवाज आला की मावश्या गप्पा अर्धवट टाकून उठून उभ्या राहायच्या. आणि आता बघ — मीच पलंगावर, अंगात हा बिननाडीचा झगा, आणि मी पुन्हा जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून माझ्यावर पहारा ठेवायला तू. पहिलाच दिवस ना कामाचा? चेहराच सांगतोय. नाही उठत? बरं बाई, नको उठूस.

फक्त एक सांगू? राग येऊ देऊ नकोस. ती तुझी पिशवी — माझ्या पायाशी ठेवलीयस. उचल ती. पेशंटच्या पलंगावर आपली वस्तू ठेवायची नाही, रुमालसुद्धा नाही. हं. आणि ही खुर्ची, खिडकीशी काय बसतेस? वारा खायला आलीयस? मी आणि दार, दोन्ही एका नजरेत हवं. सरक. अजून. हात लांब केलास की माझ्या खांद्याला लागला पाहिजे — हाताच्या अंतरावर म्हणजे हाताच्या अंतरावर, आपल्या सोयीच्या अंतरावर नव्हे. कुणी शिकवलं नाही? नाहीच शिकवत हल्ली. खुर्ची देतात आणि म्हणतात बघत बस. बघत बस म्हणजे काय, सिनेमा लागलाय? — ए, मोबाइल! आत ठेव. लेकीचा असेल, शाळेतून आली असेल, कळतं मला. तरी आत ठेव. आणि मी बाथरूमला गेले की तू बाहेर उभी राहतेस, तिकडे तोंड करून — लाज वाटते ना तुला? सकाळी बघितलं मी. बघितलं म्हणजे — बघून ठेवलं. असो. दारात पाय ठेवायचा. पेशंटला लाज वाटली तर वाटू दे, शिव्या दिल्या तर खायच्या. नव्या पोरींना मी हेच घोकून घ्यायला लावायचे.

काय बघतेस? का केलं, हेच ना? सगळे तेच विचारतात. माझी लेक तर रडून रडून विचारते, आई, आमचं काय चुकलं गं? कुणाचं काही चुकलं नाही. जावई सोन्यासारखा, नातू अंगाखांद्यावर खेळतोय. कारण असतं तर बरं झालं असतं — हातात धरून दाखवलं असतं, हे बघा, हे तेवढं काढून टाका. नुसता डोळा उघडायचा आणि छातीवर कुणीतरी बसलेलंच असायचं. जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या वेळी हात टेकले. फार थकले गं मी. फार.

पण आज नाही हं. आज सकाळपासून मला बरं वाटतंय. खरंच. अगदी हलकं हलकं. दोन घास जास्त गेले, केस विंचरले, लेकीशी हसून बोलले — किती दिवसांनी हसली बिचारी. म्हटलं, माझं घड्याळ आता तूच वापर. डॉक्टरही खूश. उद्यापासून ही खुर्ची काढूया म्हणाले. बघ, सुटलीस तू! पोरसवदा डॉक्टर, पेशंट हसला की त्यांना वाटतं गड जिंकला. आमच्या वेळी असं नव्हतं. मी पोरींना काय बजावायचे सांगू? रडणाऱ्या पेशंटकडे तर लक्ष द्याच, पण कालपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेला पेशंट आज एकाएकी हसायला लागला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तुम्हालाच म्हणाला, जा, जरा चहा घेऊन या — तर डोळ्यात तेल घालून बसा. त्याला बरं वाटत नसतं. त्याचं ठरलेलं असतं. म्हणून तर त्याला हलकं —

...

अशी नको बघूस माझ्याकडे. — नाही. बघ. बघच.

कळलं ना? कळलंच, तोंड उतरलं बघ तुझं. मीच बोलून बसले, खोड मेली जिभेची. बरं, मग आता कुणाला तरी सांगायला हवं, नाही का? जा, सिस्टरला सांग. ड्यूटी बदलायची वेळ आहे, सगळ्या सिस्टर त्यांच्या खोलीत कोंडाळं करून बसल्या असतील, एवढं इथून तिथं, लगेच येशील परत — जा ना, ऊठ —

थांब! बस खाली. बस म्हणते ना! मी सांगितलं म्हणून उठतेस? अगं, पेशंट आहे मी! पेशंटच्या सांगण्यावरून उठायचं नाही, कधीच नाही, पाया पडला तरी नाही. डाव्या हाताला भिंतीवर लाल बटण आहे, बसल्या जागेवरून दाब. आणि तो दुसरा हात इकडे आण. माझं मनगट धर. घट्ट. अजून घट्ट. त्या येईपर्यंत मी नाही नाही ते बोलेन, तुझ्या लेकीची शपथ घालेन — सोडायचं नाही. दाब ते बटण. दाब, आणि आता मी काय म्हणते ते ऐकू नकोस.